कुत्र्याचं पिल्लू घरी आल्यावर जीव घाबरत असेल तर

पिल्लू आणल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, घास न उतरणं, ‘हे काय करून बसलो’ असं वाटणं, हे बऱ्याच जणांना होतं. म्हणजे तुमची माया कमी आहे असं नाही. रात्रीची झोप मोडलेली असते आणि दिवसभर डोळा त्याच्यावरच असतो, त्याने माणूस शिणतो. म्हणून सुरुवात झोपेपासून करा.

घरात दोघं असाल तर रात्र वाटून घ्या. एकाने अडीचपर्यंत, दुसऱ्याने तिथून सकाळपर्यंत. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. दोघंही अर्धवट जागे राहिलात तर वाटणीला अर्थ नाही. एकटे असाल तर क्रेट (पिल्लाला झोपायचा जाळीचा पिंजरा) पलंगाला लागून ठेवा. आठ आठवड्यांचं पिल्लू कालपर्यंत भावंडांच्या अंगाला अंग लावून झोपत होतं, त्याला गॅलरीत ठेवलंत तर ते केकाटणारच. या वयात रात्री साधारण दर तीन तासांनी शू लागते. गजर लावून त्याच्या रडण्याआधी उठा. मोठा दिवा नको, गप्पा नकोत, खेळ तर नकोच. शू झाली की परत आत.

दिवसाही त्याला झोपवावं लागतं. लहान पिल्लाला दिवस-रात्र मिळून १८ ते २० तास झोप लागते. तासभर जागं, मग दीड-दोन तास क्रेटमध्ये, असा क्रम ठेवा. संध्याकाळी ते घरभर सुसाट पळतं, पायजम्याला लटकतं, तेव्हा लोक त्याला आणखी खेळवतात. ते बहुतेक वेळा पेंगुळलेलं असतं आणि खेळवलं की जास्तच चावतं. हात काढून घ्या, चावायचं खेळणं द्या, क्रेटवर चादर टाका. तुमची आंघोळ, जेवण, डुलकी याच वेळात उरका. फरशी नंतर पुसता येईल.

दात लागून कातडी फुटली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर मिळते, त्यामुळे ‘घरचंच आहे’ म्हणून अंगावर काढू नका. रात्रभर शंका घेऊन पडून राहण्यापेक्षा हे बरं.

‘आता कधीच बाहेर पडता येणार नाही’ ही धास्ती मोठी असते. त्यासाठी पहिल्याच आठवड्यात सराव सुरू करा: त्याला घरात ठेवून तुम्ही दाराबाहेर ३० सेकंद, मग एक मिनिट, मग पाच. ते रडायला लागलं तर वेळ कमी करा.

दोन आठवड्यांनीही उदासी हटली नाही, पिल्लू झोपलेलं असतानाही तुम्हाला झोप लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जीव द्यावासा वाटला तर थांबू नका: टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आणि खरंच झेपत नसेल, तर ज्यांच्याकडून पिल्लू आणलं त्यांच्याशी लवकर बोला. लहान वयात त्याला दुसरं चांगलं घर मिळणं सोपं जातं.