अँटेना लावताय? आधी न्यूयॉर्क कुठल्या बाजूला ते बघा

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला आलात आणि केबलचं बिल बघून डोळे पांढरे झाले असतील, तर एक सांगतो. २, ४, ५, ७, ११, १३ ही इथली मोठी चॅनेलं हवेतून फुकट येतात. मराठी मालिका नाहीत, पण स्थानिक बातम्या, बर्फाचे इशारे आणि रविवारचं फुटबॉल (इथलं, हातात धरून पळतात ते) एचडीमध्ये दिसतं. टीव्ही मात्र इथलाच हवा. भारतातून आणलेल्याचा ट्यूनर (हवेतला सिग्नल पकडणारा आतला भाग) इथे चालत नाही आणि नुसत्या मॉनिटरला ट्यूनरच नसतो.

पुण्यात गच्चीवर चढून ज्यांनी अँटेना सिंहगडाकडे वळवलाय, त्यांना निम्मी विद्या येतेच. इथला सिंहगड म्हणजे मॅनहॅटन. एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावरून प्रक्षेपण होतं. एडिसनहून ईशान्येला, साधारण २५ मैल. पुण्यात तेव्हा पडद्यावर मुंग्या यायच्या आणि "आलं का?" "थोडं आलं!" करत जागा सापडायची. इथल्या मोठ्या स्टेशनांचं ते जुनं मुंग्यांचं तंत्र, म्हणजे अ‍ॅनालॉग १२ जून २००९ ला बंद झालं. डिजिटलमध्ये 'थोडं' नसतंच. चित्र लख्ख तरी असतं, नाहीतर चौकोन चौकोन होऊन गोठतं. म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर तो बघत बघत अँटेना हलवा.

मी आधी कागदासारखा चपटा अँटेना आणला. डब्यावर '१५० मैल'. पृथ्वी गोल आहे, साठ-सत्तर मैलांपलीकडे टॉवर क्षितिजाखाली जातो, हे मला तेव्हा सुचलं नाही. टीव्हीमागे चिकटवला, ४ आणि ५ आली, ७, ११, १३ चा पत्ता नाही. ही तिन्ही व्हीएचएफवर, म्हणजे लांब लहरींच्या पट्ट्यात आहेत. सातची लहर जवळजवळ पावणेदोन मीटर लांब, आणि चपटे अँटेने बहुतेक यूएचएफसाठी, म्हणजे आखूड लहरींसाठी बनवलेले. ओढून लांब करायच्या दोन दांड्यांचा साधा अँटेना घ्या, इथे त्याला 'रॅबिट इअर्स' म्हणतात. प्रत्येक दांडी ४० सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. दांड्यांची टोकं मॅनहॅटनकडे रोखू नका, त्या दिशेशी काटकोन होईल अशा आडव्या पसरा.

जागा म्हणजे ईशान्येची खिडकी, जमेल तितकी उंच. नव्या इमारतींच्या काचांवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तो सिग्नलही अडवतो. मग बाल्कनी. अपार्टमेंटवाले "अँटेना चालणार नाही" म्हणतील, पण फक्त तुमच्या वापरातल्या बाल्कनीत टीव्हीचा अँटेना ठेवायला १९९६ च्या केंद्रीय नियमाने मुभा आहे. सामायिक गच्चीवर नाही, आणि भिंतीला भोकं पाडू नका.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या मधे असलेल्या प्लेन्सबरोवाल्यांची पंचाईत वेगळी. न्यूयॉर्क ईशान्येला, फिलाडेल्फियाच्या रॉक्सबरो भागातले टॉवर बरोबर उलट्या बाजूला. एकच निवडा. फिलाडेल्फियाचं ६ हवं असेल तर दांड्या पूर्ण ओढा, त्याची लहर सातच्या दुप्पट.

अ‍ॅम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारा डबा) लगेच घेऊ नका. वायर लांब असेल किंवा एका अँटेनावर दोन-तीन टीव्ही असतील तरच त्याचा उपयोग. मॅनहॅटनच्या समोरच असलेल्या जर्सी सिटीत टॉवर इतके जवळ की त्याने उलट चित्र बिघडतं.

अँटेना दुसऱ्या खिडकीत नेला की चॅनेल स्कॅन पुन्हा करा, म्हणजे टीव्हीला चॅनेलं नव्याने शोधायला लावा. पावती जपा, डबा फाडू नका. खिडक्या पालटूनही ७ येत नसेल तर परत करून दुसरा आणता येतो.