फ्रीज नसेल तर इन्सुलिन माठात कसं ठेवायचं

एप्रिल-मेमध्ये मालेगाव, येवल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात फळीवर ठेवलेलं इन्सुलिन अशा धगीत हळूहळू कमजोर होतं. फ्रीज नसेल, किंवा आहे पण वीज नाही, तर माठ कामाला येतो.

मोठ्या माठात छोटं मडकं बसवा, मधल्या फटीत वाळू भरा आणि ती सकाळ-संध्याकाळ ओली करा. बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं टाका. ऑइलपेंटने रंगवलेला माठ नको, तो पाझरत नाही आणि गारही होत नाही. जागा सावलीची, वारा लागणारी, चुलीपासून लांब. पावसाळी दमट हवेत माठ कमी गार होतो, पण सुरगाणा-इगतपुरीकडे तेव्हा मेसारखी धगही नसते.

माठ फ्रीजइतका गार होत नाही. म्हणून त्यात फक्त वापरातली बाटली ठेवायची. न फोडलेलीला २ ते ८ अंश लागतात, तेव्हा साठा करू नका, एकेकच आणा. फोडल्याची तारीख लेबलवर लिहा. बहुतेक इन्सुलिन त्यानंतर २८ दिवसच वापरायचं. १० मिलीच्या ४०च्या (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) बाटलीत ४०० युनिट असतात. रोज १० युनिट घेणाऱ्याचं औषध उरतं, जीव तुटला तरी टाकायचं.

मेडिकलमधून आणताना बाटली बर्फाला चिकटवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलं. गाडीच्या डिकीतही नको.

पाण्यासारखं इन्सुलिन गढूळ झालं किंवा दुधाळमध्ये गुठळ्या दिसल्या तर फेका. पण उन्हाने बिघडलेलं पुष्कळदा चांगलंच दिसतं, खरी फसगत तिथे होते. जेवणखाण तेच, तरी साखर चढली, तर डोस वाढवण्याआधी बाटलीबद्दल डॉक्टरांना सांगा. कमजोर औषधावर वाढवलेला डोस नव्या बाटलीतून घेतला की साखर एकदम उतरते. घाम, थरथर सुटली किंवा साखर ७०च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

सिरिंजही बघून घ्या. लाल टोपणाची ४०च्या बाटलीला, केशरी टोपणाची १००च्या. १००च्या बाटलीतून लाल सिरिंजने २०च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातात.