रिकाम्या खोलीचे तीस सेकंद

आमच्या नऊ मिनिटांच्या शॉर्ट फिल्ममध्ये एकच इफेक्ट होता. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात आजोबांचा कंदील आपोआप तरंगत माजघरातून देवघराकडे जातो. आम्ही पाच जण, कोणीच सिनेमा शिकलेलं नाही. एडिटिंग आणि व्हीएफएक्स (चित्रात कॉम्प्युटरवर केलेले बदल) माझ्याकडे आलं, कारण लॅपटॉप माझा होता.

कंदील बांबूला बांधला, एक मित्र फ्रेमबाहेरून तो धरून चालला. "बांबू पोस्टमध्ये पुसून घेऊ ना भाऊ," असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. पोस्ट म्हणजे शूटनंतरचं कॉम्प्युटरवरचं काम. पण बांबू पुसला की त्याच्या मागे काय दिसणार? ती भिंत कुठून तरी आणावीच लागते. म्हणून शूटच्या वेळीच माणसं आणि सामान बाजूला करून तीच फ्रेम रिकामी घ्यायची. याला क्लीन प्लेट म्हणतात.

पहिला शॉट ट्रायपॉडवर होता. कलाकार पाणी प्यायला गेला, कॅमेरा चालूच राहिला, आणि क्लीन प्लेट आपसूक मिळाली. बांबूभोवती मास्क, म्हणजे चित्राचा तेवढाच भाग कापणारी रेघ, आणि त्याखाली प्लेटमधली रिकामी भिंत. तासाभरात शॉट तयार. अडचण एकच आली. कंदील जवळ आला की भिंत उजळायची आणि प्लेटमधली भिंत तशीच राहायची, म्हणून तिचा ब्राइटनेस कीफ्रेमने, म्हणजे ठरावीक फ्रेम्सवर वेगवेगळा ठरवून, जुळवावा लागला. बांबूची सावलीही पुसायची असते, ती नवीन माणसाच्या हमखास सुटते.

दुसरा शॉट हातात कॅमेरा धरून घेतलेला, क्लीन प्लेट नाही. चार सेकंदांचा शॉट, २५ एफपीएसने (सेकंदाला २५ चित्रं) १०० फ्रेम्स, आणि त्याने माझ्या अकरा संध्याकाळी घेतल्या. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातलं ट्रॅकिंग, म्हणजे हलत्या चित्रातल्या खुणांचा माग काढणं, चांगलं आहे, पण त्याला पकडायला ठळक ठिपके लागतात. चुन्याच्या सपाट भिंतीवर ते नव्हते. शेवटी पोपडे निघालेल्या जागांनी वाचवलं. असे चार पॉइंट धरून प्लेन ट्रॅक, म्हणजे भिंतीबरोबर हलणारा सपाट चौकोन, बनवला आणि साफ केलेला भिंतीचा तुकडा त्यावर बसवला. तुमची भिंत गुळगुळीत असेल तर शूटआधी टेपचे छोटे तुकडे लावा. ते नंतर पुसावे लागतील, तरी परवडतं.

मोबाइलवर शूट करणार असाल तर फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० सेकंदावर ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटखाली पट्टे येतात. मोबाइलचा फ्रेम रेट बरेचदा कमीजास्त होतो आणि संवाद ओठांपासून सरकतात. एडिटला बसण्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फाइल कॉन्स्टंट (एकसारख्या) फ्रेम रेटची करून घ्या.

रेंडर, म्हणजे तयार शॉटची अंतिम फाइल काढणं, थेट व्हिडिओत करू नका, पीएनजी सिक्वेन्स काढा, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र. एका फ्रेमला तीन मिनिटं धरली तर १०० फ्रेम्सना पाच तास लागतात. मे महिन्यात रात्री अडीचला लाइट गेली तेव्हा माझी अर्धी एमपी४ फाइल उघडेचना. पीएनजी असते तर शेवटच्या फ्रेमपासून पुढे चालू केलं असतं. पारा ४५ वर असताना लॅपटॉप तापून आधीच मंदावतो, म्हणून रेंडर रात्रीच लावावं.

आवाजाचीही क्लीन प्लेट असते, हे मला फार उशिरा कळलं. संवादांसाठी आम्ही कूलर बंद करायचो, पण बाजूच्या घरातला घरघरत असायचा. एडिटमध्ये दोन संवादांमध्ये ती घरघर तुटायची आणि प्रत्येक कट कानाला टोचायचा. खोलीचा नुसता आवाज तीस सेकंद रेकॉर्ड केलेला असता तर त्या फटी भरता आल्या असत्या. आता प्रत्येक सेटअप संपला की मी सगळ्यांना अंगणात पाठवतो, लाइट तसेच ठेवतो आणि रिकामी खोली चित्र-आवाजासकट तीस सेकंद घेतो.

सराव घरीच करा. टेबलावर पेन दोऱ्याने लटकवा, मोबाइल डब्याला टेकवून स्थिर ठेवा, पाच सेकंद पेनासह आणि पाच सेकंद पेनाशिवाय शूट करा, आणि दोरा पुसा. ते जमलं की मागे कंदील ठेवून पुन्हा करा.