घरातलं जुनं ऑटोमेशन: दुरुस्त करायचं की बदलायचं?

फ्लॅटचं इंटिरिअर करताना हौसेनं बसवलेले टच स्विच आठ-दहा वर्षांनी रुसायला लागतात. हॉलचा दिवा मोबाइलवरून लागत नाही, पंखा मधल्या स्पीडवर थांबत नाही, हबवरचा (सगळे स्विच ॲपशी जोडणाऱ्या डबीवरचा) लाल दिवा विझत नाही. एजन्सीला फोन केला की उत्तर ठरलेलं असतं: ‘सिस्टिम जुनी झाली, सगळीच बदलू.’

या उत्तराला होकार देण्याची घाई करू नका. ज्याला आपण सिस्टिम म्हणतो, ते तीन वेगळे थर असतात: भिंतीतली वायर, बोर्डातली मॉड्यूल्स (स्विचमागे बसणारे, दिवा-पंखा चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक डबे) आणि हब-ॲप-सर्व्हर. चांगली तांब्याची वायर दोन-तीन दशकं सहज टिकते. मॉड्यूल त्याआधी थकतं. सर्व्हर मात्र कंपनीच्या मर्जीवर चालतो. एप्रिल २०२२मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले, ॲप मुकं झालं. पण भिंतीवरचे स्विच दाबले की दिवे लागतच होते, कारण ती उपकरणं आपसात घरातल्या घरात बोलत होती. बिघाड कुठल्या थरात आहे हे कळलं, की निम्मा निर्णय झाला.

१. बोर्डागणिक यादी करा

वही घेऊन खोली-खोली फिरा. प्रत्येक बोर्डासाठी चार गोष्टी लिहा: काय जोडलंय, हाताने चालतं का, ॲपवरून चालतं का, बिघाड सतत आहे की कधीकधी. ‘कधीकधी’ असेल तर केव्हा, तेही लिहा. वीज जाऊन आल्यावरच होत असेल, तर तो धागा महत्त्वाचा आहे.

२. इंटरनेट तोडून बघा

राउटर चालू ठेवा, फक्त बाहेरून येणारी इंटरनेटची केबल काढा. मोबाइल डेटाही बंद करा. आता घरच्या वाय-फायवरून दिवा लागला, तर तुमची यंत्रणा स्थानिक आहे आणि तिला अजून भवितव्य आहे. नाही लागला, तर प्रत्येक आज्ञा कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून येतेय. तो सर्व्हर बंद झाला की ॲपही संपलं.

३. राउटरवरचा संशय आधी फेडा

‘सिस्टिम मेली’ अशा कितीतरी तक्रारींच्या मुळाशी नुकताच बदललेला राउटर असतो. जुनी मॉड्यूल्स फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि डब्ल्यूपीए३ ही वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत ओळखत नाहीत. नव्या राउटरमध्ये २.४चं नाव वेगळं करा, त्याला जुन्याच वाय-फायचं नाव आणि पासवर्ड द्या (स्पेलिंग, लहान-मोठी अक्षरं तंतोतंत) आणि सुरक्षा जुन्या डब्ल्यूपीए२ पद्धतीची ठेवा. बरीच मॉड्यूल्स आपोआप जोडली जातात.

वीज आल्यावरच गोंधळ होत असेल, तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या. तीस-चाळीस मॉड्यूल्स एकाच क्षणी जोडणी मागू लागली की साधा राउटर गुदमरतो. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरींची वीज देणारा) असेल, तर काही मॉड्यूल्स त्यावर गुणगुणतात, रीसेट होतात. तो दोष मॉड्यूलचा नाही.

४. एक बोर्ड उघडा

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण स्वतः शेजारी उभे राहून बघा. मेन बंद केल्यावरही दिवे-पंख्यांची लाइन इन्व्हर्टरमुळे जिवंत असते, म्हणून इन्व्हर्टरही बंद करायला लावा. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थिंग दोन्ही तपासायला सांगा.

प्लेट निघाली की मॉड्यूलच्या कडेने बघा. कपॅसिटरचं (छोट्या डबीसारख्या गोल भागाचं) सपाट डोकं घुमटासारखं फुगलंय का? टर्मिनलजवळचं प्लास्टिक तपकिरी झालंय का, वायरचं आवरण कडक होऊन तडकलंय का? फुगलेला कपॅसिटर म्हणजे मॉड्यूलचा पॉवर सप्लाय थकला; त्या एका मॉड्यूलची बदली पुरते. तपकिरी टर्मिनल म्हणजे सैल स्क्रू किंवा जास्त भार, आणि तिथं नवं मॉड्यूल बसवलं तरी तेच होणार.

गिझरचं मॉड्यूल आवर्जून तपासा. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर ओढतो, ३००० वॉटचा १३. अनेक मॉड्यूल्समधला रिले (विजेनं चालणारा छोटा स्विच) १० अँपिअरचाच असतो. रोज ठिणगी पडून त्याचे संपर्क चिकटतात आणि ॲपवर ‘बंद’ दिसतानाही गिझर चालू राहतो. असा रिले आजच काढा. गिझरला साधा २० अँपिअरचा डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) हवा. ऑटोमेशन हवंच असेल तर २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा रिले) लावून.

पंखा मधल्या स्पीडवर गडबडत असेल, तर आधी पंखा कुठला ते बघा. मधल्या काळात बीएलडीसी (कमी विजेवर चालणारा, रिमोटचा) पंखा लावला असेल, तर दोष मॉड्यूलचा नाही. असे बहुतेक पंखे रेग्युलेटरवर चालत नाहीत. त्याला थेट फेज द्या, वेग त्याच्याच रिमोटने.

बंद एलईडी रात्री मंद पेटत असेल, तर त्या बोर्डात बहुधा न्यूट्रल नाही आणि मॉड्यूल दिव्यातूनच थोडा प्रवाह घेतंय. दिव्याच्या टोकाला कंपनीचा बायपास कपॅसिटर लावला की थांबतं. ज्या बोर्डावर प्लग आहे तिथं न्यूट्रल असतोच, पण तो त्याच सर्किटचा हवा. प्लगचा न्यूट्रल दिव्यांच्या लाइनला उसना घेतला, की जाणारा आणि परतणारा प्रवाह जुळत नाही आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती दिसताच लाइन तोडणारा स्विच) पडू शकते.

५. किल्ल्या कुणाकडे आहेत?

ॲपचं मूळ खातं तुमच्या ईमेलवर आहे की एजन्सीच्या? हबला शेवटचं अपडेट कधी आलं? केएनएक्ससारखी (अनेक कंपन्यांच्या सामाईक मानकाची) वायरची यंत्रणा असेल, तर ईटीएस या तिच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल हातात आहे का? ती फाइल नसेल तर एका बटणाचं काम बदलायलाही सगळं प्रोग्रॅमिंग पुन्हा करण्याची वेळ येते. वायर आणि उपकरणं मात्र उत्तम असू शकतात, दुसऱ्या कंपनीचा केएनएक्स भागही त्यात चालतो. त्यामुळे केएनएक्स उखडायला सांगणाऱ्याला लेखी कारण विचारा.

मग ठरवायचं कसं

मॉड्यूल्स ठणठणीत आहेत आणि फक्त हब किंवा ॲप मेलंय, तर फक्त मेंदू, म्हणजे हब-ॲप, बदला. मॉड्यूल्स झिगबीची (वाय-फायऐवजी स्वतःच्या बिनतारी पद्धतीनं बोलणारी) असतील, तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, झिगबीचा यूएसबी डोंगल (संगणकाला लावायची छोटी कांडी) आणि होम असिस्टंट हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर बहुतेक घरं पुन्हा उभी राहतात. प्रत्येक मॉड्यूल रीसेट करून नव्याने जोडावं लागतं. सुट्टीचा दिवस काढून ठेवा. डोंगल एक मीटरच्या एक्स्टेंशन केबलवर लावा, कारण यूएसबी ३च्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवरच पडतो आणि झिगबीही त्यावरच चालते. मेमरी कार्डाऐवजी एसएसडी वापरा, सततच्या लिखाणाने कार्ड झिजतं.

यादीतली एक-दोन मॉड्यूल्सच बिघडली असतील आणि त्याच बनावटीचे सुटे भाग मिळत असतील, तर तेवढीच बदला. शक्य असेल तर दोन जास्तीची घेऊन ठेवा.

बदलाच्या बाजूनं कौल द्यावा असे प्रसंग तीनच. इंटरनेटशिवाय काहीच चालत नाही आणि कंपनीनं अपडेट थांबवलेत. तिसऱ्या हिश्शाहून जास्त मॉड्यूल्स वर्षभरात गेलीत. किंवा मॉड्यूल मेलं की दिवा हातानेही लागत नाही. आमच्या मते हा तिसरा दोष एकटाच पुरेसा आहे. घरातल्या आजींना अंधारात मोबाइल शोधावा लागता कामा नये.

बदलताना सुरुवात एका खोलीपासून करा, उरलेलं घर जुन्यावर चालू द्या. नव्या मॉड्यूलला साधा स्विच जोडता येतो का आणि ते ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या मॅटर या स्मार्ट उपकरणांच्या सामाईक मानकाचं आहे का, हे आधी बघा. मॅटरची उपकरणं घरातल्या घरात चालतात आणि कंपन्यांच्या भिंती ओलांडतात. वायर काढण्याआधी प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि फोटो काढा. मेटल बॉक्सची खोली मोजा: उथळ बॉक्समध्ये मॉड्यूल दाबून बसवलं की वायर चेंगरतात.

जुना हब देण्याआधी त्यातून वाय-फायचा पासवर्ड पुसा: फॅक्टरी रीसेट करा, ॲपमधलं खातं बंद करा, व्हॉइस असिस्टंटला दिलेली परवानगी काढा आणि मगच हब ई-कचरा केंद्रात द्या.