व चा ब झाला तेव्हा: डिस्ट्रेस्ड फॉन्ट करू पाहणाऱ्यांसाठी

पंढरीच्या वारीवरच्या फोटो-प्रदर्शनाचं पोस्टर करत होते. ठळक अक्षरांत एकच शब्द, ‘वारी’, आणि त्यावर पाऊसपाण्याने भिंतीवरचा रंग उडावा तशी झीज. प्रेसमध्ये पहिली प्रिंट निघाली. दुसऱ्या कामासाठी आलेल्या एका आजोबांनी ती मोठ्याने वाचली, “बारी.” व च्या पोटातून मी एक तिरका ओरखडा नेला होता, आणि व च्या पोटात तिरकी रेघ म्हणजे ब. आठवडाभर रोज तोच शब्द पाहत असल्यामुळे मला तो वारीच दिसत होता. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी हा प्रसंग सांगते, कारण देवनागरीत डिस्ट्रेस्ड फॉन्ट, म्हणजे मुद्दाम झिजलेली दिसणारी अक्षरं, करण्यातली खरी अडचण त्यात आहे.

हा प्रकार आपल्याकडे बराचसा रोमन लिपीतून आला. न्यूयॉर्कमध्ये डॅरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये लाकडी टाइप यंत्राने कापायला सुरुवात केली आणि जाहिरातींसाठी मोठाली अक्षरं मिळू लागली. वापरून वापरून त्यांचे कोपरे झिजत, शाई मध्येच सुटे. पुढे १९९१ मध्ये एरिक व्हान ब्लोकलंड यांनी जुन्या टाइपरायटरची मळकी अक्षरं तशीच ठेवून ‘ट्रिक्सी’ हा फॉन्ट केला. रोमनमध्ये अक्षरावर चार डाग पडले तरी बहुधा अक्षर तेच राहतं. आपल्याकडे डागालाच अर्थ येतो. शिरोरेषेच्या वर ठिपका पडला की ‘गाव’चं ‘गावं’ होतं. प ला आडवा-तिरका चरा गेला की ष. म ची शिरोरेषा डावीकडे तुटली की लांबून भ वाटतो, घ ची तुटली की ध. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र तर इतका बारीक, की झीज त्याला पहिल्यांदा गिळते.

म्हणून पूर्ण वर्णमाला हातात घेऊ नका. जोडाक्षरं धरली तर देवनागरी फॉन्टचं काम शेकडो आकारांचं होतं, आणि नवखं माणूस तिथेच थकतं. आधी व-ब, प-ष, म-भ, घ-ध या चार जोड्या आणि काना, वेलांटी, रफार, अनुस्वार एवढंच करा. ही बारा चिन्हं झीज सोसून ओळखू आली, तर बाकीची सोपी जातात. माझा नियम असा: शिरोरेषेच्या वरची जागा स्वच्छ ठेवायची, आणि व, प, घ यांच्या पोटात रेघ न्यायची नाही, फक्त खड्डे पाडायचे.

झिजेला कारण हवं. लाकडी ठशाच्या कडा आणि कोपरे आधी जातात. भिंतीवरचा रंग पोपड्यांनी सुटतो. गोणीवर पत्र्याच्या स्टेन्सिलने मारलेल्या अक्षराचा रंग कडेबाहेर फुटतो. तिन्ही एकाच अक्षरावर घातले की नुसती घाण दिसते. मी लेझर प्रिंट काढते, पॉलिश पेपरने कमीजास्त दाब देत घासते, ६०० डीपीआयला स्कॅन करून निव्वळ काळं-पांढरं करते आणि मग ट्रेस करते, म्हणजे आकाराची कड संगणकावर बिंदू-रेषांत उतरवते. तयार टेक्स्चर अक्षरांवर पसरण्यापेक्षा यात वेळ जास्त जातो, पण हाताचा दाब कुठे पडला हे डोळ्याला कळतं.

शिरोरेषेने खूप सतावलं. प्रत्येक अक्षराची झीज त्याच्या चौकटीच्या कडेला संपली, तर शब्दात दर सांध्यावर सरळ उभी चीर दिसते. रेषेची टोकं अखंड ठेवायची, शेजारच्या अक्षरावर थोडी चढवायची, आणि झीज मधल्या भागात करायची. दुसरी गोष्ट कान्याची. ‘दादा’, ‘नाना’, ‘बाबा’ लिहून बघा. दोन्ही कान्यांवर हुबेहूब एकच खळगा दिसला की खोटेपणा उघडा पडतो. मराठीत काना फार येतो, तेव्हा पर्यायी आकार करायचे तर त्याचे आधी करा, निदान तीन. ओपनटाइप या फॉन्ट-फाइलच्या प्रकारात शेजारच्या अक्षरांनुसार आकार बदलण्याची सोय असते, तिने ते आळीपाळीने येतात.

सरावासाठी खुल्या परवान्याचा फॉन्ट घ्या. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेच्या ‘मुक्त’ फॉन्टची सर्वांत जाड रूपं चांगली. त्यांचाच ‘मोदक’ फॉन्ट मला अतिशय आवडतो, पण त्याच्या आतल्या फटी आधीच केसाएवढ्या आहेत, तिथे झीज घातली की अक्षर बुजतं. बदललेला फॉन्टही त्याच खुल्या परवान्याखाली द्यावा लागतो, आणि मूळ नाव राखून ठेवलेलं असेल तर नवं नाव द्यावं लागतं.

वापर शीर्षकांपुरता. नाटकाचं पोस्टर, पुस्तकाचं मुखपृष्ठ, ढोल-ताशा पथकाचा टी-शर्ट इथे ही अक्षरं शोभतात. तारीख, वेळ, पत्ता साध्या फॉन्टमध्येच द्या. आणि काम कशावर जाणार हे आधी विचारा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये बारीक छिद्रं शाईने भरतात. रेडियम कापणाऱ्याकडे तर ट्रेसमधले हजारो बिंदू घेऊन गेलात, की मशीन अडखळतं आणि ठिपके सुटून येतात. त्याच्यासाठी मी वेगळी, मोठ्या खड्ड्यांची फाइल ठेवते.

वारीचं पोस्टर मी त्याच संध्याकाळी दुरुस्त केलं. व चं पोट मोकळं केलं, ओरखडा वेलांटीच्या दांड्यावर नेला. दुसरी प्रिंट प्रेसमधल्या पोऱ्याला दहा पावलांवरून वाचायला लावली. त्याने न अडखळता वाचली, मग पुढच्या प्रती काढल्या.