‘धोका दुप्पट’ वाचलंत? आधी हे बघा

‘अमक्याने कॅन्सरचा धोका दुप्पट’ असा मथळा दिसला की पोटात गोळा येतो. अशा वेळी टक्के बाजूला ठेवा आणि बातमीत दोनच आकडे शोधा:

१. आधी किती जणांमागे किती?
२. आता तितक्यांमागेच किती?

(प्रयोग उंदरांवरचा असेल तर ते बहुधा शेवटच्या परिच्छेदात दडलेलं असतं. तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल!)

१९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो, अशा बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात साधारण ७,००० जणींमागे एकीच्या जागी दोघी. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात वाढले.

आकडे सापडले नाहीत तर बातमी पुढे पाठवू नका. चालू औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही.