फ्लाइट सिम्युलेटरसाठी कमी पैशात डिस्क कशी घ्यायची

सिम्युलेटरसाठी पीसी करायचा म्हटलं की सगळी चर्चा ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि जॉयस्टिकवरच होते आणि डिस्कचं शेवटी बघू, उरलेल्या पैशात जी बसेल ती घेऊ असं चालतं. मग एक-दोन विमानं, चार एअरपोर्ट आणि थोडी सीनरी टाकली की ड्राइव्हची पट्टी लाल होते आणि हे डिलीट करू की ते डिलीट करू सुरू.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो, महागडी डिस्क घेतल्याने एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नाही. ते काम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचं. डिस्कने फरक पडतो तो लोडिंगला लागणाऱ्या वेळात, आणि उडताना पुढचा भाग लोड होताना मध्येच जो झटका बसतो त्यात. म्हणून बजेट टाईट असेल तर माझं सरळ मत आहे की आधी जागा बघा, स्पीड नंतर. ५०० जीबीची सुपरफास्ट घेण्यापेक्षा १ टीबीची साधी एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपवाली डिस्क) घ्या.

आधी जागेचा हिशोब

कुठला सिम, म्हणजे सिम्युलेटर, चालवणार त्यावर सगळं आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० वाल्याला कंपनीच १५० जीबी मोकळी जागा ठेवायला सांगते, आणि हे नुसत्या सिमचं झालं, तुम्ही वरून टाकलेल्या विमानांचं आणि एअरपोर्टचं वेगळं. २०२४ वाल्याला ५० जीबी पुरतात कारण बरीचशी सीनरी उडता उडता नेटवरून येते. पण मग खर्च डिस्कवरून नेटवर गेला, कमीत कमी १० एमबीपीएस आणि शिफारस ५० एमबीपीएसची आहे, त्यामुळे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागवणार असाल तर आधी विचार करा.

एक्स-प्लेन १२ चं वेगळं आहे आणि बजेटवाल्यांना ते सोयीचं पडतं. इन्स्टॉल करताना जगाचा नकाशा समोर येतो आणि कुठला भाग हवाय ते आपण निवडायचं. भारतातच उडणार असाल तर अमेरिका न् ऑस्ट्रेलिया डाउनलोड करून काय करायचंय, नंतर इन्स्टॉलर परत चालवून टाकता येतं. फ्लाइटगिअर तर फुकटच आहे, आणि त्याची सीनरीसुद्धा उडाल तशी उतरते.

जागा खरी खाते ती फोटो सीनरी. एक्स-प्लेनवाले ऑर्थो फोर एक्सपी नावाच्या फुकट टूलने सॅटेलाइट फोटोंच्या टाइल बनवतात, एक टाइल म्हणजे एक अक्षांश बाय एक रेखांश, म्हणजे आपल्याकडे साधारण १११ किलोमीटर लांब आणि थोडी कमी रुंद. आता पुणे ते गोवा घ्या. लोहगाव १८ आणि १९ अक्षांशाच्या मधे, दाबोळी आणि मोपा दोन्ही १५ आणि १६ च्या मधे, म्हणजे ७३ रेखांशाच्या पट्टीत १८, १७, १६, १५ अशा चार टाइल झाल्या. पण लोहगाव पडतं ७३.९ वर, अगदी कडेला, त्यामुळे दक्षिणेकडे निघालात की डाव्या खिडकीतून जे दिसतं ते सगळं ७४ च्या पट्टीतलं, कोल्हापूरसुद्धा तिकडेच. म्हणजे त्या चार पण हव्यात, नाहीतर डावीकडे साधी सीनरी आणि उजवीकडे फोटो असं विचित्र दिसतं. झाल्या आठ.

झूम लेव्हल म्हणजे फोटो किती बारकाईचा. १६ ला पूर्ण जमिनीची एक टाइल साधारण दीड जीबी होते, १७ ला सहाच्या आसपास, आणि १८ ला चोवीस, कारण दर लेव्हलला चौपट. आठ टाइल १७ ने केल्या की जवळजवळ ५० जीबी गेले, समुद्राचा भाग असेल तिथे थोडे कमी. १८ ने केल्या तर दोनशेच्या घरात. म्हणून १६ किंवा १७ वर थांबा आणि फक्त एअरपोर्टच्या आजूबाजूला १८ लावा, टूलमध्ये ती सोय आहे. तीस हजार फुटांवरून तसाही काही फरक दिसत नाही.

हा सगळा आकडा काढला की त्यात विंडोज आणि बाकीच्या सॉफ्टवेअरचे १०० जीबी धरा आणि वर पंधरा-वीस टक्के मोकळे सोडा. आणि हो, १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते, त्यात फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. बहुतेकांचं १ टीबीत निभतं.

मदरबोर्डवर काय बसतं

ऑनलाइन ऑर्डर मारायच्या आधी बोर्डाचा मॉडेल नंबर शोधून कंपनीच्या साइटवर मॅन्युअल बघा. एम डॉट टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसते ती जागा) आहे का, असला तर त्यात एनव्हीएमई चालतं का फक्त साटा (डिस्क जोडायच्या दोन पद्धती, एनव्हीएमई जास्त फास्ट), हे बघायचं, कारण दोन्हीच्या पट्ट्या लांबून सारख्याच दिसतात आणि लोक इथेच चुकतात. बऱ्याच बोर्डांवर एम डॉट टू वापरला की एखाददुसरा साटा पोर्ट बंद पडतो, तेही मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असतं.

बोर्ड जुना असेल आणि स्लॉटच नसेल तर घाबरू नका, अडीच इंची साटा एसएसडी घ्या. तिचा स्पीड साधारण ५५० एमबी पर सेकंद, एनव्हीएमई तिसऱ्या जनरेशनची साडेतीन हजारापर्यंत जाते आणि चौथीची सात हजारापर्यंत, पण हे आकडे एक मोठी फाइल सरळ वाचतानाचे. सिम हजारो बारीक फाइल वाचतो आणि मग प्रोसेसर त्या उलगडत बसतो, त्यामुळे हार्ड डिस्कवरून साटावर आलात की जाणवतो तेवढा फरक साटावरून एनव्हीएमईवर जाणवत नाही. पाचव्या जनरेशनच्या तर वाटेलाही जाऊ नका, निदान यासाठी नाही. अर्थात स्लॉट असेल आणि भाव सारखाच असेल तर एनव्हीएमईच घ्या, वायरींची कटकट नाही.

फिरणारी हार्ड डिस्क मेन सिमसाठी आता नको. चालतो त्यावर सिम, नाही असं नाही, पण लोडिंगला चहा होतो. जुनी घरात पडलेली असेल तर ती बॅकअपला ठेवा, डाउनलोड केलेल्या झिप फाइल आणि सध्या न लागणाऱ्या टाइल तिच्यावर टाका.

बॉक्सवर काय वाचायचं

टीएलसी का क्यूएलसी (एसएसडीतल्या मेमरी चिपचे दोन प्रकार) हे पहिलं. क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठा डेटा एका दमात टाकायला गेलं की आतला फास्ट कॅश भरतो आणि स्पीड धाडकन खाली येतो, कधी कधी हार्ड डिस्कएवढा. डिस्क भरत आली की हे जास्त होतं, मोकळी जागा सोडा म्हटलं ते त्यासाठीच. सिमचं काम मुख्यतः वाचायचं असल्याने दुसरी डिस्क म्हणून क्यूएलसी चालून जाईल, पण विंडोज आणि सिम एकाच डिस्कवर असेल तर थोडे जास्त घालून टीएलसी. डीरॅम (डिस्कवरची स्वतःची छोटी मेमरी) नसलेल्या एनव्हीएमई डिस्क पण चालतात, त्या पीसीच्या रॅममधला छोटा तुकडा वापरतात. साटामध्ये मात्र ती सोय नसते, तिथे डीरॅमवाली मिळाली तर बरं.

टीबीडब्ल्यूचं, म्हणजे डिस्कवर एकूण किती टीबी लिहिता येईल त्या आकड्याचं, टेन्शन घेऊ नका. १ टीबीच्या टीएलसीला बरेचदा ६०० असतो, रोज ५० जीबी लिहिलं तरी बत्तीसेक वर्षं लागतील. वॉरंटी बघा, पाच वर्षांची असेल तर ती घ्या.

भाव मी लिहीत नाही कारण ते सारखे बदलतात, २०२५ च्या शेवटी तर रॅमबरोबर एसएसडीपण चांगल्याच महागल्या. किंमत भागिले जीबी करून दोन-तीन डिस्कची तुलना करा, बहुतेक वेळा २५० आणि ५०० जीबीवाल्या प्रति जीबी महाग पडतात.

घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन घ्या, जीएसटी बिल घ्याच आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, बिलाशिवाय दोनशे रुपये कमी करतो म्हणणाऱ्याला नमस्कार. नवी म्हणून विकलेल्या हार्ड डिस्क कधी कधी सीसीटीव्हीच्या डब्यातून काढलेल्या असतात. घरी लावल्या लावल्या क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर टाका आणि पॉवर ऑन अवर्स (डिस्क किती तास चालली) बघा, नव्या डिस्कवर तिथे हजारात आकडा असेल तर त्याच दिवशी परत करा. आणि ऑनलाइन दीड-दोन हजारात १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी दिसते ना, ती खोटीच. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि विंडोजला खोटा साइज सांगितला जातो. संशय आला तर एच टू टेस्ट डब्ल्यू (H2testw) हे टूल चालवा, ते पूर्ण डिस्क भरून परत वाचून बघतं, वेळ लागतो पण सत्य कळतं.

साटा घेत असाल तर डेटा केबल आहे का विचारा, बॉक्समध्ये बरेचदा नसते. एम डॉट टूचा तो चिमुकला स्क्रूपण बोर्डाच्या बॉक्समध्ये असतो आणि तो बॉक्स आपण कधीच माळ्यावर टाकलेला असतो.

बसवणं आणि सिम हलवणं

पीसी बंद, प्लग बाहेर. एम डॉट टूची पट्टी तिरकी घालायची, खाच जुळली की आत जाते, जबरदस्ती नको, मग आडवी दाबून स्क्रू लावायचा. बोर्डावर हीटसिंक असेल तर त्याच्या पॅडवरचं पातळ प्लास्टिक काढा, लोक ते तसंच ठेवतात आणि मग डिस्क तापते म्हणून ओरडतात. डिस्कवरचा स्टिकर मात्र काढू नका, वॉरंटी जाऊ शकते.

चालू केल्यावर विंडोजमध्ये डिस्क दिसणार नाही, हे नॉर्मल आहे. डिस्क मॅनेजमेंट उघडायचं, जीपीटी निवडायचं, न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस, झालं.

एक्स-प्लेन हलवायला सगळ्यात सोपा, अख्खा फोल्डर कॉपी करून नव्या डिस्कवर टाका, तिथून चालतो. टाइल वेगळ्या डिस्कवर ठेवायच्या असतील तर त्यांचे शॉर्टकट कस्टम सीनरी फोल्डरमध्ये टाकले तरी तो ओळखतो. स्टीमवर घेतलेला असेल तर स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमधून मूव्ह करा. मायक्रोसॉफ्टच्या २०२० वाल्यात पहिल्यांदा चालवताना पॅकेजेस कुठे ठेवायचे हे विचारतो, तिथे घाईघाईत नेक्स्ट नेक्स्ट न करता नवी डिस्क निवडा. आधीच सी वर पडला असेल तर पॅकेजेसचा फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी करून युजर सीएफजी डॉट ऑप्ट (UserCfg.opt) या फाइलच्या शेवटच्या ओळीतला पत्ता बदला, परत डाउनलोड करावं लागत नाही. बदलायच्या आधी त्या फाइलची एक कॉपी काढून ठेवा.

शेवटी मायक्रोसॉफ्टच्याच सिमच्या सेटिंगमध्ये रोलिंग कॅशचा (नेटवरून उतरलेली सीनरी साठवायच्या फाइलचा) पत्तासुद्धा नव्या एसएसडीवर द्या. तुम्ही परत परत कोकणपट्टीवरूनच उडत असाल तर त्याचा साइज ३२ नाहीतर ६४ जीबी करा, एकदा उतरलेली सीनरी मग तिथूनच वाचली जाते आणि नेट स्लो असलं तरी भागतं.